पेंब्याचा अकरा दिवसांचा मॅनेजर

माझ्या अंगी एकच गुण होता. रुपया वाजवून तो खरा की खोटा, हे मी डोळे मिटून सांगत असे. लोक म्हणत, ही देवाची कृपा, आणि ते खरंच होतं. आमच्या आसपासच्या गावांतला प्रत्येक खोटा रुपया शेवटी आमच्या ग्रामदेवतेच्या पेटीत येऊन पडे. वाणी घेत नाही, आगबोटीचा तिकीटवाला घेत नाही, मग द्या देवाला. देव काय परत करणार आहे?

वर्षातून दोनदा पेटी उघडली की धोंडू गुरव मला हाक मारी. मी देवळाच्या पायरीवर एकेक नाणं टाकत बसे. जांभ्यावर रुपया बोलत नाही, पण ती एक पायरी काळ्या दगडाची होती. तिच्यावर खरा रुपया खण्ण वाजे, शिशाचा बद्द. माझी विद्या एवढीच. अक्षर म्हणाल तर एक ओळखत नव्हतो.

दुसरी ओळख सांगायला लाज वाटते, पण ती लपवली तर पुढचं काही कळणार नाही. पंचवीस साली मी मुंबईला गोदीत कामाला गेलो आणि अकरा दिवसांत परत आलो. आजारी पडलो नाही, कुणी मारलं नाही. तिथल्या भाताला वास येत होता, म्हणून आलो. गावाने माझं नाव ठेवलं ‘अकराव्याचा भिकाजी’. माझी बायको तुळसा सकाळी विहिरीवर गेली की बायका विचारत, “काय गो, अकराव्याचा उठला काय झोपेतना?” तुळसाने फक्त पाण्याची वेळ बदलली. भर दुपारी, विहिरीवर चिटपाखरू नसताना, ती हंडा घेऊन जाऊ लागली. मला हे दिसत होतं, आणि मला दिसतंय हे तिलाही ठाऊक होतं.

पुढच्या शिमग्याला आमच्या वाडीचा जावई सखाराम आला. हा मंडणगडकडचा. झांजिबारात एका कच्छी शेटच्या सराफी पेढीवर तो स्वयंपाकी होता.

“शेटला नाणी पारखणारा माणूस हवाय,” तो म्हणाला. “आधीच्या म्हाताऱ्याचे कान गेले.”

“तिथं बोलतात काय?”

“शेट कच्छी बोलतो. गिऱ्हाईक अरबी नाहीतर स्वाहिली.”

“मला तर ह्यातलं कायच येत नाय.”

“रुपयाला तरी कुठं येतं? तुला त्याच्याशीच बोलायचंय.”

निघायच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव साऱ्या गावाच्या वतीने देवाला मोठ्याने सांगणार, आणि तो जिथे थांबेल तिथे सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मधलं फारसं कुणी ऐकत नाही. गुरवाचा श्वास कुठे संपतो तेवढं कळलं की झालं.

“बा देवा म्हाराजा! ह्ये तुझं लेकरू भिकाजी दर्यापार पेढीवर जातंय!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येच्या पोटाला अन्न दे, कानाला बळ दे!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि ह्या खेपेला अकरा दिवसांत परत आला, तर त्येचं तोंड गावाला दाखवू नको!”

“व्हय म्हाराजा!”

यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी कशाला रुकार दिला, ते पायऱ्या उतरताना तुळसाने सांगितलं.

झांजिबारात काम सोपं होतं. पेढीच्या दाराशी मला दगड मांडून दिला. गिऱ्हाईक रुपये ओतायचं, मी वाजवायचे आणि खोटा निघाला की बाजूला सारायचा. गिऱ्हाईक ओरडे, हात नाचवी. मी काही बोलत नसे, कारण बोलण्यासारखं जवळ काही नव्हतंच. त्याला शेट धीर समजला.

शेटला जेवणानंतर बोलायची सवय होती. पान चघळत तो कच्छीत लांबलचक काहीतरी सांगे आणि मधे मधे थांबे. तो थांबला की मी म्हणे, “हो शेट.” जन्मभर देवळात दुसरं केलं काय होतं? बाकीचे कारकून त्याच्याशी वाद घालत. सगळं समजून घेणारा मी एकटा, असं त्याचं मत झालं.

चार महिन्यांनी एका दुपारी शेट नेहमीपेक्षा जास्त बोलला. सहा-सात वेळा थांबला. मी प्रत्येक वेळी चांगल्या खणखणीत आवाजात हो म्हणालो. त्याने माझी पाठ थोपटली आणि हातात एक मोठी किल्ली दिली. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सखाराम कपाळाला हात लावून चुलीपाशी खालीच बसला.

“अरे, काय कबूल करून आलास?”

“काय?”

“पेंब्याच्या बेटावर लवंगेच्या हंगामात शाखा उघडतायत. तिचा मॅनेजर तू. शेटने विचारलं, हिशेब लिहिता येतो? तू म्हणालास हो. बागवाल्यांशी बोलशील? हो. पगार तोच चालेल? हो. तूट आली तर तुझ्या पगारातनं कापू? त्याला तर दोनदा हो म्हणालास!”

“आता काय करू?”

“जा आणि खरं सांग. फार तर घरी पाठवील.”

मला दुपारची विहीर दिसली. मी म्हणालो, “तू पत्र लिही.”

“कुणाला?”

“घरी. मॅनेजर झालो म्हणून.”

सखारामने लिहिलं. ‘खुर्चीवर बसतो’ हे त्याने स्वतःच्या पदरचं घातलं.

पेंब्यात खुर्ची होती, एवढं मात्र खरं निघालं. समोर कोरी वही होती. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे बघत बसलो. मग एक बागवाला लवंगेचे रुपये पेढीत ठेवायला आला, त्याला एकच डोळा होता. मी वहीत एक डोळा काढला आणि पुढे रुपयाला एक अशा उभ्या रेघा ओढल्या. दुसरा गाढवावरून आला, त्याचं गाढव काढलं. तिसऱ्याचं पोट मोठं होतं. गाढवापेक्षा ते मला चांगलं जमलं. अशी माझी मॅनेजरी चालली होती, आणि रात्री मी स्वतःवर खूशही असे.

एक दिवस शेट मचव्यातून अचानक उतरला. त्याने वही उघडली, उलटी धरली, सुलटी धरली. मग या खेपेला कच्छीत नव्हे, सावकाश हिंदुस्तानीत विचारलं, “भिकाजी, लिखना आता है?”

हा प्रश्न मला पुरता कळला. आणि मी म्हणालो, “हो शेट.” जिभेला वळणच तसं पडलं होतं. शेटने टाक पुढे केला. मी तो हातात घेऊन उभा राहिलो.

नेमका त्याच वेळी तो पोटवाला आला. वाकून त्याने वहीत पाहिलं, स्वतःला ओळखलं आणि एकदम ओरडू लागला. काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण बोलताना त्याने पोट आत ओढून धरलं होतं. शेट हसता हसता खुर्चीत कोसळला. नंतर त्याने पेटी मोजली. रेघा आणि रुपये बरोबर जुळले, एकही रुपया खोटा नव्हता. म्हणून त्याने मला हाकललं नाही. त्याच मचव्यातून परत नेलं आणि दाराशी दगडापुढे बसवलं. वाटेत मी बोटांवर दिवस मोजले. अकरा.

“दुसरं पत्र लिहू? खरं काय ते?” सखारामने विचारलं.

“पुढच्या डाकेला,” मी म्हणालो. ती डाक काही आली नाही. मी पैसे पाठवत राहिलो, सर्व क्षेम कळवत राहिलो. दोनदा रजा मिळत होती, दोन्ही वेळा मी घेतली नाही. मॅनेजरला सवड नसते, असं सखारामकडून लिहवलं.

छत्तीस साली त्या मुलखातला रुपयाच बंद झाला, शिलिंग आलं. माझ्या कानाला काम उरलं नाही. जयगडला उतरून तरीने खाडी ओलांडली, तेव्हा सकाळ होती. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या आणि त्यांच्या मधोमध तुळसा उभी होती. एकीने तिचा हंडा उचलून दिला. “मॅनेजरीणबाई, धनी आले गो तुमचे!” तुळसा हसली. इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

त्याच संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. धोंडू गुरव म्हातारा झाला होता, त्याला ऐकू कमी येत होतं.

“बा देवा म्हाराजा! तुझा भिकाजी पेढीचा मॅनेजर होऊन परत आला!”

सगळ्यांबरोबर माझंही तोंड उघडलं. पण माझ्या पायाखाली तीच काळी पायरी होती. त्या देवाच्या पेटीतले खोटे रुपये मी तिच्यावरच वाजवून बाजूला काढले होते.

“नाय म्हाराजा!” मी ओरडलो. “अकरा दिवसच मॅनेजर होतो! बाकी सगळी वर्षं दगडापाशी बसलो!”

“व्हय म्हाराजा!” सारा गाव गरजला.

धोंडू पुढच्या वाक्याला लागला. नारळ फुटला, खोबरं वाटलं. एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मॅनेजर, उद्या येतो. कोर्टाचा कागद हाय, जरा वाचून दाखव.”

घरी आल्यावर तुळसाने दार लावलं. तिच्या डोळ्यांत सकाळचं हसू नव्हतं.

“तू ऐकलंस?” मी विचारलं.

“मी एकटीनंच ऐकलं. बाकी कोण ऐकतंय?” ती म्हणाली. “आनि उद्या तो कागद घेऊन येईल तवा काय करणार? त्यात गाढव काढणार?”

गाढवाचं हिला कसं कळलं, म्हणून मी बघतच राहिलो.

“सखारामभावजींनी बायकोला लिवलंवतं. तिनं सासरच्या गावच्या मास्तराकडनं वाचून घेतलं, माहेरी आली न्‌ मला सांगितलं. तवापासनं मी शाळेतल्या पोरींकडनं अक्षरं शिकले. घरचं पत्र परक्याच्या तोंडनं ऐकायचं नाय, असं ठरवलं.”

“मग विहिरीवर गप्प का राहिलीस?”

“सकाळचं पाणी गार असतं,” ती म्हणाली.

त्या म्हाताऱ्याला तिने निरोप पाठवला, मॅनेजरसाहेबांचे डोळे आलेत, महिनाभर काही वाचता येणार नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वाडी झोपलेली असताना, तिने माझ्यापुढे पाटी ठेवली. माझा हात धरून ‘भ’ गिरवला. मग हात सोडला आणि भराभर सगळं सांगत गेली, कुठे गाठ, कुठे काना, रेघ कुठून ओढायची. सांगून झाल्यावर थांबली.

“कळलं?”

माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं, पाटीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

“नाय,” मी म्हणालो.

“मग परत,” ती म्हणाली, आणि पाटी पुसली.