दुसऱ्यांदा तीच खूण

वैभवीने चादरीची दोन टोकं मुठीत धरली आणि बाबांना एका दमात कुशीवर वळवलं. माकडहाडाजवळची जखम पुसून तिने नवी पट्टी लावली.

“सुकतेय, बाबा. बिल्कुल छान.”

श्यामकांतांना जखम दिसत नव्हती, पण पोरगी खरं बोलतेय हे आवाजावरून कळत होतं. जानेवारीत अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दिवसा सांभाळायला ठेवलेल्या बाईचा सगळा जीव टीव्हीवरच्या मालिकांमध्ये, त्यामुळे पडून पडून ही जखम झाली. तिला काढल्यापासून सगळं वैभवीच करत होती. बारावीची परीक्षाही तिने याच पलंगाशेजारी अभ्यास करून दिली.

बोलण्याचा प्रश्नही तिनेच सोडवला. ती सॉफ्टबॉलमध्ये हरियाणाच्या मुलींच्या संघाची पिचर होती, म्हणजे चेंडू टाकणारी. समोर बसलेला कॅचर बोटांच्या खुणांनी कोणता चेंडू हवा ते सांगतो. तसल्याच खुणा तिने घरात आणल्या. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल, तीन म्हणजे लघवीचं भांडं. तिच्या आईला, प्रभाताईंना, त्या काही केल्या पाठ होत नव्हत्या. शाळेत शिकवून दमून यायच्या आणि पाणी मागितलं की भांडं पुढे करायच्या. मग तिघंही हसायची, श्यामकांत अर्ध्या तोंडाने.

मुळात खुणांचा खेळ बापलेकीचाच होता. फॅक्टरीत जपानी भागीदार आल्यापासून शिफ्ट लांबल्या होत्या, तरी घरी आले की श्यामकांत समोरच्या रिकाम्या प्लॉटवर उपड्या बादलीवर बसत आणि ती त्यांच्या हातमोज्यात चेंडू टाकी. आता त्या प्लॉटवर बिल्डरची इमारत चढली होती. त्यांनी मूठ मिटून पाचही बोटं उघडली की अर्थ एकच, सगळा जोर लावून टाक. भीती वाटली तर तिने मान हलवून नाही म्हणावं, तेवढी मुभा होती. पण दुसऱ्यांदा तीच खूण आली की टाकायचाच, असा करार होता. तो तिने कधी मोडला नव्हता.

तिने त्यांना उशांना टेकवून बसवलं, तेवढ्यात राजाभाऊ आले. प्रभाताईंचे हे धाकटे भाऊ दिल्लीतल्या मुनिरकाहून इथे फरीदाबादपर्यंत भर जूनच्या उन्हात स्कूटर दामटत आले होते, आणि आल्या आल्या कूलरसमोर उभे राहून त्यांनी सगळी हवा अडवली.

“चलो, बूथवर गर्दी व्हायच्या आत अमरावतीला फोन करून टाकतो. आजचीच तारीख आहे ना शेवटची? काय सांगू? हो का नाही?”

नर्स व्हायचं आणि खेळ सोडायचा नाही, हे वैभवीचं सातवीपासून ठरलेलं होतं. दोन्ही चालवून घेणारं कॉलेज शोधून शोधून तिला एकच सापडलं होतं, अमरावतीला. तिथे संघातल्या मुली सामन्यांना जात आणि वॉर्डातली चुकलेली ड्यूटी सुट्टीत भरून काढत. तिथे तिला जागा मिळाली होती. दिल्लीतल्या एका कॉलेजातही मिळाली होती. तिथे घरून रोज जाता-येता आलं असतं, पण खेळासाठी सुट्टी मागायची नाही, असं तिथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

“नाही सांगा, मामा,” थर्मामीटर झटकत वैभवी म्हणाली. झटकताना तिचं मनगट चेंडू सोडल्यासारखं वळलं, ते श्यामकांतांनी पाहिलं.

“अगं, पण तुझा खेळ?”

“खेळले की इतकी वर्षं. आता बस झालं. दिल्लीचं घरून होईल.”

“मी काही म्हणत नाही हं,” प्रभाताई म्हणाल्या. “तुझं तू ठरव.” आणि त्या पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागल्या.

त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला होता. श्यामकांतांना बायकोचा राग आला नाही. एकटीने तिने तरी किती रेटायचं? राग आला तो स्वतःच्या या निकामी अंगाचा. पोरगी हातातलं सोडून देत होती आणि त्यांना तिला साधं खडसावताही येत नव्हतं. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर निघाली.

त्यांनी डावा हात चादरीवरून उचलला. मूठ मिटली आणि पाचही बोटं उघडली.

वैभवीच्या हातातला थर्मामीटर तसाच राहिला. आजारपणात ही खूण एकदाही झाली नव्हती. तिने हळूच मान हलवली. नाही.

श्यामकांतांनी हात खाली घेतला नाही. त्यांनी पुन्हा मूठ मिटली, पुन्हा पाचही बोटं उघडली आणि तिच्याकडे बघत राहिले. आता तिला नाही म्हणता येणार नव्हतं.

निघालेले राजाभाऊ दारात थांबले. “भावोजींना काही सांगायचंय का?”

“काय गं?” प्रभाताईंनी विचारलं. “ही कुठली खूण? मला नाही कळली.”

वैभवीने बाबांच्या डोळ्यांवरची नजर काढून घेतली.

“पाणी मागताहेत,” ती म्हणाली. “मामा, तुम्ही निघा ना. बूथवर रांग लागेल.”

राजाभाऊ जिना उतरले. खाली स्कूटर दोनदा खोकली, मग सुरू झाली, आणि तिचा आवाज कोपऱ्यावर वळून कमी होत गेला. प्रभाताईंनी माठातलं पाणी आणून दिलं. वैभवीने बाबांच्या मानेखाली हात घातला, ठसका लागू नये म्हणून त्यांची हनुवटी जराशी खाली केली आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

“घ्या ना, बाबा.”

श्यामकांतांना तहान नव्हती. त्यांनी तोंड उघडलं.