पुसायची गरज नाही

यांच्या बोटावरची नाडी मोजायची चिमटी निसटून दवाखान्याच्या चादरीवर पडली, तरी उशाजवळच्या पडद्यावर नाडीचा आकडा बहात्तरच राहिला.

"बघ, कसा ठणठणीत आहे मी!" हे म्हणाले.

चिमटी सुटली की आकडा जायला हवा आणि मशिनने बोंब ठोकायला हवी. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्या मशिनच्या आतला कोड माझाच. सव्वीस वर्षं मी एकाच कंपनीत ड्रायव्हर लिहितेय, म्हणजे यंत्राचं म्हणणं कॉम्प्युटरला कळवणारे छोटे प्रोग्रॅम. ऑफिसात मला सगळे आत्याबाई म्हणतात. स्वभावाने भित्री; गॅस बंद केलाय की नाही ते बघायला जिन्यावरून तीनदा परत येणाऱ्यांतली.

हे ड्रायव्हर ज्या जुन्या पद्धतीने मेमरी मागायचे, ती गेले तीन महिने मी काढून टाकत होते. जुनी पद्धत मंद, पण टापटिपीची. मेमरीचा तुकडा पुसूनच हातात द्यायची. नवी भारी चपळ, पण आधीच्याच्या खरकट्यासकट वाटी पुढे सरकवणार. पुसायचं आपण. एकेचाळीस ड्रायव्हरांपैकी चाळिसांत मी पुसायची ओळ घातली. एकेचाळिसाव्यात, म्हणजे या चिमटीच्याच, मात्र एक टीप होती: 'इथे पुसायची गरज नाही.' लिहिणारी मीच, बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा गरज नव्हती, कारण जुनी पद्धत पुसून देत होती! जगात कुणावर विश्वास न ठेवणारी मी, नेमका स्वतःच्या शब्दावर ठेवला. आणि तेच अपडेट आज सकाळी या दवाखान्यातल्या मशिनांवर चढलं होतं.

बोटाकडून काहीच येत नव्हतं, म्हणून पडदा शिळा आकडा दाखवत होता. माणूस गेला असता तरी दाखवत राहिला असता. वॉर्डात खाटा चौदा.

मी आमच्या टीमलीडला फोन लावला.

"आत्याबाई, टेस्टिंगमध्ये तर सगळं पास झालं होतं."

"टेस्टिंगमध्ये चिमटी कुणी काढलीच नाही रे! आत्ताच्या आत्ता जुनं परत चढव."

"चढवतो, पण तासभर लागेल. आणि कुणामुळे झालं ते वर कळवावं लागेल."

तासभर गप्प बसलं तर इथे कुणाला पत्ताही लागणार नाही, असं मनात आलं. आलं, खोटं कशाला बोलू? निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती.

"माझ्यामुळे. कळव," मी म्हटलं, आणि सिस्टरच्या टेबलाशी गेले. "सिस्टर, या मशिनांवर विसंबू नका."

"कोण म्हणतं?"

"ज्या बाईने बिघडवली, ती."

सिस्टरने यांची रिकामी चिमटी पाहिली, बहात्तर पाहिला. तिने धावत जाऊन डॉक्टरांना फोन केला, मग माझं मनगट धरलं. "वॉर्डात आम्ही सिस्टर दोघीच आहोत. नाडी अशी बघायची. दोन बोटं इथे. अंगठा नको, त्याने आपलीच लागते. शेवटच्या चार खाटा तुमच्या. शंका आली की हाक मारा, लाजू नका."

"जा गं," हे म्हणाले. "माझी मी मोजतो."

तिघांची नाडी सापडली. चौदाव्या खाटेवर एक आजोबा डोळे मिटून पडले होते. पडद्यावर ऐंशी. मनगट गार. मी बोटं इकडे ठेवली, तिकडे ठेवली. काहीच लागेना. देवा, हे काय केलं मी! सिस्टरला हाक मारायला तोंड उघडलं.

"अहो, किती दाबता? दुखतंय," आजोबा म्हणाले.

मी बोटं सैल केली.

"डॉक्टरीणबाई का?"

"नाही. मशिनवाली."

"बरोबर आहे ना मशिन?"

"नाही," मी म्हटलं. "बिघडलंय. माझ्या हातून."

आजोबांनी पालथा हात सावकाश उताणा केला आणि मनगट माझ्यापुढे सरकवलं.

"मग तुम्ही बघा."