मागच्या खोलीतला चिमटा

घड्याळजींच्या बायकोचं डोकं त्या दिवशी सकाळी जे फिरलं, ते दुपारपर्यंत जागेवर यायचं नाव घेईना. कारण मागच्या खोलीत भिंतभर उभं होतं. लोखंडी अँगलची तीन मजली रॅक, प्रत्येक मजल्यावर काचेच्या टाक्या, टाक्यांत मासे आणि माशांच्या डोक्यावर ट्यूबलाइट. दुसऱ्या दिवशी लेक माहेरी यायची होती, महिनाभर राहायला, आणि सोबत नातू. तो नुकताच धरून उभा राहायला लागला होता. धरून म्हणजे काय, हाताला लागेल ते धरून. आणि त्याच्या उंचीला धरण्यासारखं घरात ती रॅकच तेवढी होती.

त्या रॅकला करंट येत होता. निदान हिचं तरी तसं म्हणणं होतं.

मासे हा घड्याळजींचा छंद. घड्याळांचं दुकान बंद करून घरी आले की चहाच्या आधी मागची खोली. दिवसा ते दुकानात, म्हणजे माशांना खायला घालणं आपसूकच हिच्या गळ्यात. त्याचं तिला काही नव्हतं, मासे बिचारे गुणी होते. वांधा झाला तो दिव्यांचा. पाणवनस्पतींना उजेड कमी पडतो म्हणून घड्याळजींनी मोडीत निघालेल्या एका दुकानाच्या जुन्या ट्यूबपट्ट्या स्वस्तात उचलून आणल्या आणि वरच्या फळीच्या पोटाशी, खालच्या पाण्यापासून वीतभर अंतरावर, स्वतःच्या हाताने ठोकल्या. चोक तिथेच, स्टार्टर तिथेच, वायरींचा गुंता तिथेच. टाक्यांना झाकण नाही. दिवसभर पाण्याची वाफ वर जायची आणि होल्डरांवर दव धरायचं. ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसवली, त्याला ट्यूबलाइट ती काय अवघड? असा सगळा थाट.

पहिल्यांदा तिला रॅकचा चिमटा बसला तेव्हा ती माशांच्या खाण्याचा डबा हातात धरून नुसती उभी राहिली. मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या. घड्याळजी आल्याबरोबर तिने सांगितलं. त्यांनी लगेच जाऊन रॅकला हात लावला, टाकीत हात घातला, वर ट्यूबही फिरवून पाहिली. काही नाही. हिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

मग हे रोजचंच झालं. तिने सांगायचं, त्यांनी हात लावून दाखवायचा. हिला चिमटा बसायचा आणि त्यांना काही म्हणजे काहीच व्हायचं नाही. लेकीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, आई, तू उगाच घाबरतेस, बाबा बघतात ना सगळं. पुढे पुढे तर घड्याळजी पाहुण्यांसमोरही सांगायला लागले की आमच्या हिला मासे करंट देतात. पाहुणे हसायचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण बोलणार काय? रॅक तिची साक्ष द्यायला तयार नव्हती.

शेवटी लेकीचं यायचं ठरलं तेव्हा तिने हट्टच धरला. करंट गळला की आपोआप पडतो तो सुरक्षेचा स्विच बसवा, नाहीतर रॅक भंगारात घाला. घड्याळजींनी कुरकुरत स्विच बसवला. तो पहिल्याच संध्याकाळी पडला. मागच्या खोलीत काळोख. वर केला, पुन्हा पडला. ट्यूब लावायचा अवकाश, की खटकन खाली. तिला वाटलं, चला, आता तरी पटेल. कसलं काय! घड्याळजी चिडले ते स्विचवर. हा माल फारच नाजूक निघाला, फसवलं दुकानदाराने, असं बडबडत दोन दिवस फिरले आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाले. ट्यूब व्यवस्थित लागल्या. तिलाही वाटलं, असेल काहीतरी दुरुस्त केलेलं.

आणि आज सकाळी झाडताना तिला तो स्विच बोर्डामागे सापडला. काढून ठेवलेला. दोन वायरींना पीळ देऊन वर चिकटपट्टी मारलेली.

दुपारी ती खायला घालायला गेली ती तोंडाने त्यांचा उद्धार करतच. सकाळी टाक्यांचं पाणी बदलताना घड्याळजींनी नेहमीप्रमाणे जमिनीवर तळं करून ठेवलं होतं. पाय भिजायला नकोत म्हणून तिने दारातल्या त्यांच्या रबरी चपला पायात सरकवल्या. टाचांना भेगा म्हणून ते घरातही त्या घालायचे. ती मात्र घरात कायम अनवाणी.

खायला घातलं. तोल सावरायला रॅकला हात टेकला. काहीच झालं नाही.

म्हणजे इतके महिने आपणच वेड्यासारखं बोलत होतो की काय? मग तिने चपलांकडे पाहिलं. एक काढली, दुसरी काढली, ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि उलट्या हाताने रॅकला नुसता स्पर्श केला. हात झटकन मागे आला. चपला घातल्या, काही नाही. पुन्हा काढायची तिला गरजच वाटली नाही. ती बाहेर येऊन मोरीच्या काठावर बसली आणि संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी घड्याळजी आले, सवयीने मागच्या खोलीत शिरले. ती दारात उभी राहिली.

"चपला काढा."

"आता काय नवीन?"

"काढा म्हणते ना. आणि उलटा हात लावा, मुठीत धरू नका."

ते हसतच होते. चपला काढल्या, ओल्यात उभे राहिले, हात लावला. मग त्यांच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि ते मागच्या भिंतीवर आदळले. बराच वेळ हात चोळत राहिले. एकदा रॅककडे पाहिलं, एकदा तिच्या अनवाणी पावलांकडे. मुख्य बटण बंद केलं आणि पान्हा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. चोक आणि स्टार्टर काढून लांब कोरड्या भिंतीवर नेले. गंजलेले होल्डर फेकून रबरी टोपणांचे नवे आणले. टाक्यांवर काचा आल्या. रॅकला अर्थिंगची वायर जोडली. उरलेल्या वायरींना बोर्डाच्या खाली झोल दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच गळून जाईल. शेवटी स्विच जागेवर बसवला, ट्यूब लावल्या आणि कान देऊन उभे राहिले. स्विच पडला नाही. मग स्वतः अनवाणी होऊन त्यांनी एकेका अँगलला हात लावला. ती स्वयंपाकघरातून बघत होती, पण मदतीला गेली नाही.

संध्याकाळी लेक आली. नातू उतरल्या उतरल्या रांगत मागच्या खोलीत गेला आणि रॅकचा पाय धरून उभा राहिला. लेकीने विचारलं, काचा, वायरी, सगळं नवं कसं? घड्याळजी म्हणाले, कालपर्यंत करंट उतरत होता, मला स्वतःला झटका बसला. लेकीने घाबरून त्यांचा हात हातात घेतला, लागलं का, दाखवा, डॉक्टरकडे गेलात का.

"मला रोज बसत होता," ती म्हणाली.

"मग सांगायचं ना, आई!"

घड्याळजींनी नातवाला उचलून कडेवर घेतलं, त्याला उगाच एक मासा दाखवला, तो निघून गेल्यावर दुसरा दाखवला.

"सांगत होती ती," ते अखेर पुटपुटले. "रोज सांगत होती. तुलाही सांगितलं होतं. मी तिला खोटं ठरवलं."

लेकीचा चेहरा उतरला.

"पुन्हा बोला," बायको म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."

तिला ऐकू आलं होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नातवाला खाली ठेवलं, तिच्याकडे वळले आणि तेच सगळं पहिल्यापासून, मोठ्याने बोलले.