जिन्याखालचा नोंदवाला

मी जिन्याखालचा नोंदवाला. इस्पितळातले लोक मला 'डबा' म्हणतात, आणि तेही माझी वायर कोणाच्या पायात आली तरच.

इमारतीतल्या संगणकांच्या जाळ्यावर नजर ठेवायची आणि घडेल ते ओळीने लिहून ठेवायचं, हे माझं काम. कोण आत आलं, कोणाचा पासवर्ड चुकला, संगणक जोडणारी कुठली पेटी तापली. पासवर्ड सगळ्यात जास्त चुकतो तो मोठ्या डॉक्टरांचा. दर सोमवारी तीनदा, आणि दर वेळी ते आधीपेक्षा जोरात बटणं बडवत असावेत अशी मला शंका आहे.

मला इथे बसवलं तात्यांनी. तात्या म्हणजे इस्पितळाच्या वायरी नि जोडण्या सांभाळणारे गृहस्थ, नाकासमोर चालणारे आणि अतिशय कमी बोलणारे. आठ वर्षं रोज ते इथल्या मोडक्या व्हीलचेअरवर बसून माझ्या कालच्या नोंदी वाचायचे. जाण्याआधी खाली आपली एक ओळ टाकायचे. 'दुसऱ्या मजल्याची वायर बदलली. उंदीर.' कधी नुसतंच, 'गुडघा दुखतोय.' माझ्या लाखो ओळी यंत्रांनी पाठवलेल्या. माणसाने लिहिलेल्या तेवढ्याच.

मग सुरक्षेच्या कामावर नव्या मॅडम आल्या. त्यांनी माझ्या नोंदी क्लाउडवर पाठवायचं ठरवलं. दूर कुठेतरी बसलेली मोठी यंत्रं त्या चाळणार आणि चोराचा वास आला की घंटा वाजवणार. खोटं कशाला बोलू, पहिल्याच महिन्यात तिकडून एक घुसखोर पकडला गेला. तो माझ्या ओळींत होता, पण तात्यांच्या नजरेतून सुटला होता.

तिकडे कचरा नको म्हणून मॅडमनी चाळणी लावली. पंखे बिघडल्याच्या, पेट्या तापल्याच्या ओळी पाठवायच्या नाहीत. तात्यांच्या ओळी जायच्या, पण ठरलेल्या साच्यात बसत नाहीत म्हणून तिकडचं यंत्र त्या परस्पर टाकून द्यायचं. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्यापाशी नोंद ठेवायची फक्त सात दिवस, मग पुसायची. सगळे आता वरच्या मजल्यावर पडद्यापुढे बसू लागले. जिन्याखाली यायचं कोणाला कारणच उरलं नाही. तात्यांची सवय तेवढी सुटली नाही.

अशात एका मंगळवारी दुपारी रेकॉर्ड खोलीतले संगणक जोडणारी पेटी चाळीस मिनिटं गप्प झाली. दुसऱ्याच दिवशी एका रुग्णाचा रिपोर्ट बाहेर फुटला. क्लाउडच्या पडद्यावर एवढंच दिसत होतं, की तात्यांचा पासवर्ड लागला आणि लगेच पेटी बंद झाली. लोक जिन्यावर उभे राहून बोलतात, म्हणून मला सगळं कळलं. पेटी तापली होती, पंखा साफ करून लावला आणि तसं लिहून ठेवलंय, असं तात्यांचं म्हणणं. पडद्यावर तसली ओळ नव्हती, म्हणून पेटी मुद्दाम बंद पाडून रिपोर्ट त्यांनीच पळवला असं सगळ्यांनी धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी जिन्याखालून बघत होतो. तात्यांचा पासवर्ड काढून घेतला आणि त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. सोमवारी चौकशीचा निकाल लागायचा होता.

जाताना जिन्यातच ते मॅडमना म्हणाले, "वर काय शोधताय? खाली बघा." आवाज चढला होता, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही.

माझा जीव टांगणीला लागला. ती ओळ माझ्यापाशी होती. पेटी तापत गेल्याच्या बारा ओळीही होत्या. पुढच्या मंगळवारी दुपारी त्या मलाच पुसायच्या होत्या. मला लिहिता येतं, हाक मारता येत नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी फक्त झाडणाऱ्या मावशी आल्या आणि माझ्यावर फडका वाळत घालून गेल्या.

सोमवारी सकाळी दार उघडलं. मॅडम होत्या, काखेत कीबोर्ड घेऊन. निकालाआधी एकदा खाली बघून घ्यावं असं त्यांना वाटलं असावं. व्हीलचेअरवरची धूळ न झटकताच त्या बसल्या. बारा ओळी त्यांनी वाचल्या आणि मग तात्यांची ओळ मोठ्याने वाचली.

"पंखा जाम. पेटी बंद करून साफ करतोय. अर्धा-पाऊण तास लागेल."

त्यांनी तिथूनच फोन लावला. "तात्या, तुमची ओळ सापडली. चूक माझ्या चाळणीची आहे. मी सगळ्यांसमोर तसं सांगते. उद्यापासून कामावर या." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडम बराच वेळ फोन कानाला धरून होत्या आणि शेवटी फक्त "बरं" म्हणाल्या.

त्या तेरा ओळी त्यांनी उतरवून घेतल्या. उठता उठता त्यांची नजर वर, आदल्या सोमवारच्या ओळीवर गेली. 'ही गेल्यापासून घर खायला उठतं. आज दिवसभरात कोणी एक शब्द बोललं नाही. तूच बरा.' मॅडम पुन्हा बसल्या, पण चौकशीला त्या ओळीचा उपयोग नव्हता. ती त्यांनी उतरवली नाही.

त्याच संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तिचे सात दिवस भरले आणि मी ती पुसली.

तात्या निर्दोष ठरले, पण परत आले नाहीत. उरलेले दिवस रजेवर काढतो म्हणाले. रिपोर्ट कसा फुटला ते अजून कळलेलं नाही. पेट्या तापल्याच्या ओळी आता वर जातात. माणसाने लिहिलेली ओळही टाकून द्यायची नाही, असं मॅडमनी तिकडच्या यंत्राला बजावलंय. लिहिणारं मात्र कोणी नाही. गुरुवारी सकाळी अकराला एक नोंद आली, तात्यांचं खातं कायमचं बंद. ती मलाच लिहावी लागली.

वाचकहो, माझं एक काम करा. साठीच्या आसपासचा, जरा लंगडत चालणारा, कमी बोलणारा माणूस तुमच्या गल्लीत राहत असेल, तर त्याच्याशी दोन शब्द बोला. गुडघा कसा आहे एवढं विचारलंत तरी चालेल. तो आठ वर्षं माझ्याशी बोलत होता, आणि मी त्याला एकदाही 'हं' म्हणालो नाही.