निम्मेबाईंची खरेदी

बाजारात तिला निम्मेबाई म्हणत. दुकानदाराने कुठलाही भाव सांगितला की तिच्या तोंडून पहिला शब्द निघे तो ‘निम्मे’. मग अर्धा तास दोघं एकमेकांना आपापल्या संसाराचं रडगाणं ऐकवत आणि शेवटी आपणच जिंकलो असं समजून वेगळे होत. सव्वीस वर्षं तिने शर्टांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. कॉलरचा एक टाका हुकलेला असला तरी तिच्या बोटांना तो कळायचा, त्यामुळे कुठल्याही वस्तूत खोट काढणं हा तिच्या हातचा मळ होता. तिचा नवरा जन्मभर वायरमनचं काम केलेला, मितभाषी. तो म्हणायचा, लग्नाच्या वेळी हिने मलासुद्धा उलटसुलट करून पाहिलं असणार, आणि काहीतरी सूट मिळाली म्हणूनच घेतलं असणार.

त्यांची एकुलती एक लेक एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत नऊ वर्षं कामाला होती. कामाची वाघीण. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी ती घरी आली, चपला जागेवर ठेवल्या, उद्यापासून मी जाणार नाही एवढं सांगितलं आणि आपल्या खोलीत जाऊन पडली. ती पडली ती पडलीच.

निम्मेबाईने सगळीकडे खोदून पाहिलं. हॉटेलात जाऊन मुख्य बेकरला भेटली. तो म्हणाला, कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, चूक नाही. तिच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नव्हता. कुणा मुलाचं प्रकरण म्हणावं, तर तेही नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या बदलून दिल्या, लेकीने सगळ्या न चुकता घेतल्या. काडीचा फरक पडला नाही. बोलावलं की ती जेवायला यायची, सांगितलं की आंघोळ करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. उरलेला वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काय होतंय, असं आईने शंभरदा विचारलं असेल. लेक शंभरदा “काही नाही” म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अशात आईला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरी नवीन असताना लेक एकदा म्हणाली होती, “घरी एक स्टँड मिक्सर असता ना आई, तर मी कुणाची चाकरी केली नसती.” वाटायचा मिक्सर नव्हे, हे खाली भांडं बसवून कणीक मळणारं, लोणी फेटणारं भलं जड यंत्र. तेव्हा त्याची किंमत ऐकून आईने कानांवर हात ठेवले होते. आता मात्र तिने तेच वाक्य घट्ट धरलं. नवऱ्याला म्हणाली, तेव्हाच घेऊन दिलं असतं तर ही वेळ आली नसती. त्याला तसं वाटत नव्हतं, पण तो तिचं मन मोडायला गेला नाही.

पाच दुकानं पालथी घातल्यावर सहाव्या दुकानात तिला हवं ते दिसलं. काचेमागे नमुन्याला मांडलेला, गडद लाल रंगाचा. बुडाशी एक ओरखडा आणि खोकं हरवलेलं. ओरखडा पाहून तिच्या जिवात जीव आला. पहिल्या दिवशी ती नुसतं नाक मुरडून परत आली. दुसऱ्या खेपेला ‘निम्मे’ म्हणून आली. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे तो शोधणारा माणूस होता. तो हसला आणि म्हणाला, मावशी, निम्म्यात मी तुम्हाला नुसतं भांडं देईन.

तिसऱ्या खेपेला ती तयारीनिशी गेली. ओरखड्यावर बोट ठेवलं, खोक्याचा विषय काढला, नमुन्याची वस्तू म्हणजे वापरलेलीच वस्तू, असंही सुनावलं. दुकानदाराने थोडं सोडलं. तिने पाठ फिरवल्यासारखं केलं. त्याने आणखी थोडं सोडलं. सगळं रीतसर चाललं होतं.

तेवढ्यात त्याने सहज विचारलं, “घेताय कुणासाठी?”

“मुलीसाठी.”

“काही कोर्स वगैरे करते का?”

इथे तिला म्हणता आलं असतं, हो, करते. बाजारात तिने याहून मोठमोठ्या थापा पचवल्या होत्या. पण ही थाप तिला मारवेना. मग ती म्हणाली, “ती उठत नाही.”

“म्हणजे?”

“आठ महिने झाले. उठतच नाही हो भाऊ. याने उठेल असं वाटतंय.”

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग त्याने एक आकडा सांगितला. निम्म्याहूनही खाली होता. निदान आता त्याने नाही-होय करावं, थोडं तरी भांडावं, असं तिला वाटत होतं. पण तो काचेमागून मिक्सर काढून पुसायलाही लागला होता. आयुष्यात इतक्या स्वस्तात तिने काही घेतलं नव्हतं. पैसे देताना तिचा चेहरा मात्र रस्त्यात पाकीट मारलं गेल्यासारखा झाला होता.

दुकानात काय घडलं ते तिने घरी कुणालाही सांगितलं नाही.

नवऱ्याने दुपारीच ओट्याजवळ नवा प्लग बसवला. जुन्यावर एवढा भार नको, म्हणाला. भांडं काढलं, घातलं, यंत्र रिकामं फिरवून कान लावून आवाज ऐकला, आणि मशीन उत्तम आहे असा निर्वाळा दिला. मग आईने लेकीला हाक मारली. ती आली, ओट्याशी उभी राहिली. मिक्सरची मान उचलून तिने खाली पाहिलं, दाबून परत बसवली. तिची बोटं सगळं ओळखत होती.

“छान आहे,” ती म्हणाली. “कितीला पडला?”

या घरात नवीन वस्तू आली की हा प्रश्न ठरलेला. आईने आकडा सांगितला.

“निम्म्याहून कमी? रडवलंस की काय त्याला?”

आठ महिन्यांत लेकीने केलेली ही पहिली थट्टा. बाप मोठ्याने हसला. आईसुद्धा हसली. तोवर लेक खोलीकडे वळली होती.

त्यानंतर आईने रोज काहीतरी निमित्त काढलं. मैदा आणला, यीस्ट आणलं, चांगलं लोणी आणलं, आणि सगळं लेकीला दिसेल असं ओट्यावर मांडून ठेवलं. एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी ती दुपारी बाजारातून आली, तर जिन्यातच तिला पावाचा वास आला. पिशवी तिथेच टाकून ती धावत वर गेली.

लेक आपल्या जुन्या छोट्या ओव्हनमधून पाव काढत होती. असा पाव की कुठल्याही काचेमागे शोभावा. ओटा लख्ख, भांडी धुऊन पालथी घातलेली. बाप स्टुलावर बसून डोळे पुसत होता. आईने पावाचा गरम तुकडा तोडला, बोटं भाजली तरी तोंडात घातला आणि एक तुकडा लेकीपुढे धरला.

“नको मला.”

“अगं, चव तरी बघ. तूच केलायस ना?”

“चांगलाच झाला असेल.” लेकीने हात पुसले. मग अगदी मायेने, आजारी माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, “आता बरं वाटतंय ना, आई?”

आईच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. नऊ दिवस लेक भिंतीकडे तोंड करून आईची येरझार ऐकत होती, आणि शेवटी आईची दया येऊन उठली होती. मळणं, फुगवणं, भाजणं, सगळं तिने सासरच्या पाहुण्यांचं करावं तसं पार पाडलं होतं.

त्या आठवड्यात लेक जेवायलाही दोनदा आली नाही. जणू त्या एका पावात होती नव्हती ती शक्ती खर्च झाली. आई तिच्या खाटेजवळ जाऊन बसली तेव्हा लेक आपणहून बोलली.

“मिक्सर नको होता असं नाही गं. मला काहीच नको आहे. त्याला मी काय करू? तू विकून टाक. जास्तच येतील.”

“नाही विकायचा.”

“मग तू कर.”

म्हणून एका दुपारी आईने कंबर कसली. तिला पाव येत नव्हता. तिने भांड्यात मैदा घातला आणि ओट्याजवळून खोलीकडे तोंड करून विचारलं, पाणी किती? आतून उत्तर आलं. गरम की गार? कोमट. यीस्ट आधी की मागून? तेही उत्तर आलं, सपाट आवाजात, पण आलं. आईला धीर चढला. तिने मिक्सर सुरू केला. कणीक भांड्याला आपटत फिरू लागली.

“किती वेळ फिरवू?” तिने विचारलं.

उत्तर नाही. यंत्राच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून तिने ते बंद केलं आणि पुन्हा विचारलं. मग दारात जाऊन उभी राहिली. लेकीचे डोळे उघडे होते.

“आता नको विचारूस आई,” ती म्हणाली. “दमले मी.”

आईने कणकेवर झाकण ठेवलं. मग खोलीत येऊन खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसली. थोड्या वेळाने लेक म्हणाली, खाली बसू नकोस, गुडघे धरतील. धरू देत, आई म्हणाली. संध्याकाळी नवरा आला, त्याने दारातून दोघींना पाहिलं, दिवा न लावता स्वयंपाकघरात गेला आणि चहाचं आधण ठेवलं.