दूध काढायचं लुगडं

माझं नाव साखराबाई. नाव ठेवताना आईबापाची काहीतरी गफलत झाली असणार, कारण माझं तोंड मिरचीचं आहे असं आमची सगळी वस्ती म्हणते. नवरा म्हाळू तर म्हणतो, मेंढरामागं रानोमाळ हिंडणं सोपं, घरी बसून हिचं ऐकणं अवघड. तो हे चेष्टेनं म्हणतो. त्याला चेष्टेची खोड आहे आणि मला रागाची, तेवढ्यावर आमचा संसार बरा चालला आहे.

त्या दुष्काळाच्या साली दिवाळी झाल्या झाल्या म्हाळू मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखाकडं गेला. आमच्याकडं रानात काडी नव्हती. घरी राहिलो मी, सहा वर्षांची चतुरा, चार वर्षांचा मुंजा आणि चांदी. चांदी ही आमची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्याचा केवढा तोरा!

खरं तर चांदी माझ्या सासूची, दगडाबाईची. पारडी असल्यापासून तिनं वाढवलेली. दूधही तीच काढायची, दुसऱ्या कुणाचा हात सडाला लागला की चांदी पाय झाडायची. आषाढात सासू गेली आणि त्याच दिवसापासून चांदीनं पान्हा चोरला. पारडू आधीच दगावलेलं, म्हणजे ते लावून पान्हवावी तर तीही सोय नाही. शेवटी शेजारच्या छबुबाईनं सांगितलं, सासूचं दूध काढायचं लुगडं नेस. गोठ्यातल्या खुंटीवर ते हिरवं, विरलेलं लुगडं तसंच लटकत होतं. मी ते अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला, सासू बसायची तशी उकिडवी बसले, आणि चांदीनं दूध सोडलं. मी तिच्या पोटाला डोकं लावून रडले. सासू होती तोवर आमचं रोज वाजायचं. आता तिच्याच लुगड्यात बसून मी तिच्याच म्हशीचं दूध काढत होते.

तेव्हापासून तेच लुगडं. सासू ते कधी धुवायची नाही, मीही धुतलं नाही. मला वाटायचं, म्हातारी रंग जाईल म्हणून जपत असेल. आणि धुवायला पाणी तरी कुठं होतं?

गावात दुधाची सहकारी संस्था होती. सुंदरराव तिचे चेअरमन, मोठे जमीनदार, पण माणूस नियमाचा. दुष्काळात संस्थेनं बाहेरून कडबा आणि पेंड आणली. ती पुरायची नाही, म्हणून सभासदांच्या सभेत ठराव झाला की जो दूध घालेल त्याच्याच जनावराला चारा. आठवडाभर ज्याचं दूध येणार नाही, त्याचा वाटा रांगेतल्या पुढच्या घराला. ठरावाला सगळ्यांत आधी हात मी वर केला होता. फुकट खाणाऱ्यांचा मला भारी राग.

घरात लेकरांना मीच शिकवायचे. शाळा वस्तीपासून लांब, ऊन असं की पायाला फोड यावेत. मग अंगणात लिंबाखाली आमची शाळा. चिंचोक्यांवर बेरीज, चुलीच्या राखेत बोटानं अक्षरं, आणि पाण्याचा धडा रोजचाच: मुंजाच्या अंघोळीचं पाणी घमेल्यात धरायचं, त्यात भांडी विसळायची, आणि उरलं ते लिंबाला. मुंजाला वाटायचं, लिंबाला आपलीच अंघोळ लागते. तो रोज लिंबाला विचारायचा, गार लागलं का?

चतुराला मी शिवण शिकवत होते. आमच्याकडं वाकळ येत नसली तर पोरीला कुणी शहाणी म्हणत नाही. जुनी धडुती एकावर एक घालायची आणि धावदोरा घालत बाहेरून आत यायचं. माझे दोन नियम तिला पाठ होते. एक, वाकळीत पोटाशी थोरामोठ्याच्या अंगावरचं कापड घालायचं, म्हणजे लेकरू झोपेत दचकत नाही. दुसरा, शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाराला ऊब देत नाही. आणि तिसरा नियम मी सांगत नव्हते, करून दाखवत होते: टाका वाकडा पडला की सरळ उसवायचा. पोरीनं सकाळभर शिवलेलं मी दुपारी एका ओढीत उसवून टाकायचे. ती दोरा गोळा करायची. पुन्हा सुई ओवायची.

एक दिवस टँकर आला. मी घागरी घेऊन पळाले. गर्दीत माझी दोघीतिघींशी भांडणं झाली, त्यामुळं घरी यायला उशीर झाला. येऊन पाहते तर चतुरा विळी घेऊन अंगणात बसलेली, समोर हिरव्या कापडाचे वीतभर तुकडे नीट रचलेले, आणि गोठ्यातली खुंटी रिकामी.

घागर डोक्यावरून खाली कशी ठेवली मला आठवत नाही. मी ओरडले, पोरीच्या पाठीत धपाटाही घातला. ते लुगडं होतं तर चांदीचं दूध होतं, दूध होतं तर चारा होता, आणि पोरीनं विळीवर सगळंच कापून ठेवलं होतं. चतुरा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मुंजा रातच्याला आजी आजी करून उठतोय. तूच म्हनलीस ना, थोराचं कापड पोटाशी घालावं?"

मी आणखीच ओरडले. म्हटलं, ती चिंध्यांची रास माझ्या नजरेपुढं दिसता कामा नये. तिनं सगळे तुकडे ओटीत भरले आणि छबुबाईच्या ओसरीवर गेली.

त्या संध्याकाळी चांदीनं थेंब दिला नाही. मी माझं नेहमीचं लुगडं डोक्यावरून घेतलं, ती पाय झाडून मोकळी. जनावर रंग ओळखतं असं सगळे म्हणत, म्हणून छबुबाईचं हिरवं लुगडं मागून आणलं. ते स्वच्छ धुतलेलं, निळीतून काढलेलं. चांदीनं मान वळवून ते हुंगलं आणि शेपटीचा फटका माझ्या तोंडावर मारला. गूळ चारला, पाठ खाजवली, सासू म्हणायची ती ओवी म्हटली. माझ्या आवाजात ती ओवी ऐकून कुठल्याही म्हशीनं दूध चोरलंच असतं. कास दगडासारखी घट्ट, आणि हाताला येतंय ते चूळभर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

दूध केंद्रावर माझी चरवी रिकामी जात राहिली. सुंदरराव एकदा बाजूला घेऊन हळूच म्हणाले की ठराव बदलता येणार नाही, इतरांना काय सांगू? मी म्हटलं, मी कधी बदला म्हटलं? रांगेत पुढचं घर चंद्रभागाबाईचं होतं. तीही एकदा गोठ्यात डोकावून गेली. बिचारीनं फक्त चांदीकडं आणि गव्हाणीतल्या कडब्याकडं पाहिलं. तिच्या घरी दोन गाई उपाशी होत्या. तिच्यावर रागावल्याचं नाटकही मला करता येईना.

चारा बंद झाला तर चांदी डोळ्यांदेखत हाडं होऊन पडणार. त्यापेक्षा कडा गावच्या गुरांच्या बाजारात न्यावी, ज्याच्याकडं वैरण आहे त्याच्या दावणीला तरी जगेल, असं मी मनाशी ठरवलं. म्हाळूला विचारायला तो होता कुठं? ठरवलं आणि मग चुलीपुढं बसून, लेकरं झोपलीत असं बघून, भरपूर रडले.

या सगळ्या दिवसांत चतुरा आणि मी कामापुरतं बोलत होतो. ती सकाळची कामं आवरायची, मुंजाला चिंचोके मोजायला बसवायची आणि छबुबाईच्या ओसरीवर जायची. तिथं ती काय करते हे मला दिसत होतं, पण मी बघत नव्हते. छबुबाई एकदा म्हणाली, "साखरे, पोरीची बोटं सुईनं चाळन झालीत, जरा बघ तरी." मी म्हटलं, होऊ दे.

सातव्या दिवशी, आठवडा भरायच्या दिवशीच, बाजार होता. पहाटेच चांदीला सोडलं. गोठ्यातून बाहेर काढली, अंगणात लिंबापाशी आणली. ती जायला तयार नव्हती, पाय रोवून उभी. मी दावं ओढत होते आणि तिला शिव्या देत होते, कारण तोंड बंद ठेवलं असतं तर हुंदका फुटला असता. तेवढ्यात चतुरा छबुबाईच्या घरातून पळत आली. तिच्या खांद्यावर वाकळ होती. खाली जुन्या धोतराचं अस्तर, वर सगळे हिरवे तुकडे. तीन कोपरे शिवलेले, चौथा उघडा.

मला वाटलं, आता ही आणखी काय मागतेय. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आय, ही चांदीच्या पाठीवर टाक. माझा हात पुरत न्हाई."

मी विचारलं, "कावून? ही तर मुंजाची ना?"

"मुंजा हितंच हाय, आपल्याजवळ. चांदी लोकाच्या दावणीला जानार. रातच्याला दचकंल ती."

माझ्या हातातलं दावं ढिलं पडलं. सहा वर्षांची पोर. इतके दिवस माझं तोंड बघून बोटं टोचून घेतली, आणि झालेली वाकळ म्हशीला द्यायला आणली. मला माझी लाज वाटली आणि तिचा एवढा अभिमान वाटला की काय करावं कळेना. मी वाकळ घेतली आणि चांदीच्या पाठीवर पसरली.

चांदीनं मान वळवली. वाकळीचा लोंबणारा कोपरा तिच्या नाकाशी आला. तिनं तो हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मग जिभेनं चाटायला लागली. पारडू चाटावं तशी. घशातून तिचा तो जुना आवाज निघाला, सासू गोठ्यात शिरली की काढायची तो, बारीक, लांबट. आम्ही दोघी बघत राहिलो. मुंजा मात्र खाली वाकला होता. तो म्हणाला, "आय, चांदी सांडतीया."

सडांमधून दुधाचे थेंब मातीत पडत होते. कोरड्या मातीत ते लगेच जिरत होते.

"चरवी आन," मी म्हटलं, आणि म्हणेपर्यंत चतुरा चरवी घेऊन आली होती. तिथंच लिंबाखाली उकिडवी बसले. रंग नव्हता ओळखला चांदीनं, वास ओळखला होता. सासूच्या घामाचा, शेणाचा, तंबाखूच्या मिश्रीचा वास, जो धुवायला आम्हाला पाणी मिळालं नव्हतं. आम्ही दुष्काळाला रोज शिव्या द्यायचो, त्याचा एवढा एक उपकार मात्र मानावा लागेल. धारा चरवीत वाजायला लागल्या तशी चांदीची पाठ सैल पडली आणि माझीही.

चरवी घेऊन केंद्रावर गेले तेव्हा सुंदरराव माप आवरत होते. वाकळ घरी ठेवायचा धीर होईना म्हणून भर उन्हाळ्यात ती खांद्यावर टाकून आलेली मला पाहून बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकीनं विचारलं, थंडी वाजून आली का? मी म्हटलं, होय बाई, तुझ्या म्हशीनं दूध चोरलं की तुलाही वाजेल. सुंदररावांनी दूध मापलं, माझ्याकडं पाहिलं आणि चाऱ्याच्या यादीत माझं नाव तसंच ठेवलं. चंद्रभागाबाई रांगेतच उभी होती. तिला मी म्हटलं, माझ्या वाट्यातली एक पेंढी आजपासून तुझ्या गाईंना. ठरावात तसं काही नव्हतं, पण ठरावात नको असंही नव्हतं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी वाकळ मांडीवर घेतली. चतुरा समोर येऊन बसली, अंग चोरून. मी पहिल्यांदाच तिची शिवण नीट पाहिली. कुठं टाका लांब, कुठं आखूड, एका जागी तर रांगच सुटून दुसऱ्या रांगेला जाऊन मिळालेली. मधल्या दोनतीन तुकड्यांवर बोटांच्या रक्ताचे बारीक ठिपके होते. तिचे डोळे माझ्या हातांवर. मी आता दोरा ओढणार, असं तिनं गृहीत धरलंच होतं.

"सुई दे," मी म्हटलं.

तिनं दिली. मी टोपल्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्याला चिमूटभर गूळ लावला आणि उघड्या कोपऱ्यात सरकवला. मुंजाला वाटलं गूळ वाया गेला, त्याला वेगळा दिला तेव्हा तो गप्प झाला. मग मी तो कोपरा शिवायला घेतला. डोळ्यांपुढं सारखं धूसर होत होतं, दोरा कुठं जातोय ते धड दिसेना.

चतुरा पुढं वाकून बघत होती. थोड्या वेळानं तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "आय, तुझा टाका वाकडा पडलाय. उसवू का?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "तुझ्याशी जुळतोय."