मशीनमधलं घर

वॉशिंग मशीनची काम संपल्याची धून वाजली आणि आम्ही दोघी दचकलो. सासूबाई तसबीची माळ फिरवत होत्या, मी मेथी निवडत होते. एरवी ती धून वाजली की रायान घरात असेल तिथून ओरडायचा, "लेव्हल कम्प्लीट!" आज ती पुरती वाजून गेली, आणि मग नुसताच पंखा.

आत त्याचे शेवटचे सहा शर्ट होते.

आमच्याकडे माणूस गेलं की चाळिसाव्याच्या आत त्याच्या वस्तू गरजूंना देतात, त्याचं सवाब, म्हणजे पुण्य, त्याला पोचतं म्हणतात. सासूबाईंचा नियम त्याहून कडक. वस्तू धुवायची, कोरी करायची, मगच द्यायची. खिसे उलटे करून बघायचे. कॉलरच्या आत धोब्याने घातलेली खूण उसवायची. घड्याळाच्या पट्ट्यावरचा घामाचा डाग घासून काढायचा. "घेणाऱ्याच्या घरी वस्तू जाऊ दे," त्या म्हणाल्या, "आपला माणूस नको जायला."

रायान, माझा नवरा, छत्तीस वर्षांचा होता. उरणजवळ एका यार्डात कंटेनर तपासायचं काम करायचा. अठ्ठावीस दिवसांपूर्वी तिथेच त्याच्या छातीत कळ आली. मी इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस जुईनगरच्या या दोन खोल्या, त्यांच्या बाहेर पाऊल नाही. बूट गेले, जॅकेट गेलं, शर्ट आज वाळले की जाणार. राहिला गेमचा डबा.

तो देऊन टाकू असं मीच म्हटलं. सासूबाईंनी नाही. टीव्हीखाली तो पांढरा डबा दिसायचा आणि शेजारी कंट्रोलर, ज्याच्या डाव्या बटणावरचं रबर रायानच्या अंगठ्याने गुळगुळीत झालंय. मला ते डोळ्यांसमोर नको होतं. त्याचा यार्डातला दोस्त सदू, त्याच्या दोन मुली आहेत, त्यांना होईल. आज संध्याकाळी ड्युटी सुटली की तो न्यायला येणार होता.

तसं पाहिलं तर आमचं लग्न या डब्यांवरच जमलं. बघायला आला तेव्हा मोठी माणसं चहा पीत होती, आणि याने मला विचारलं काय, तर "टीव्ही गेम खेळलीयेस कधी?" मी म्हटलं, माझ्या भावाकडे होता ना, पिवळ्या कॅसेटचा. चालला नाही की कॅसेट काढून फुंकायची. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. तो इतका हसला की त्याच्या अम्मांनी डोळे वटारले. नंतर म्हणायचा, दुसरी एक मुलगी बघितली होती, ती म्हणाली मला वाचनाची आवड आहे. मी घाबरलो.

लग्नात तो काळा, जाड डबा घेऊन आला. डिस्कचा. बतूल झाली तेव्हा तिने एक डिस्क चावून ठेवली, तिच्या पहिल्या दाताची खूण म्हणून त्याने ती जपली होती. मग तीन वर्षांपूर्वी हा पांढरा. याला डिस्क घालायला फटच नाही. मी विचारलं, मग गेम येतो कुठून? त्याने बोट छताकडे केलं. "आता सगळं वर असतं, बुशरा. फुंकायला काही उरलंच नाही बघ."

वर असतं. हे मी पक्कं धरून ठेवलं होतं. माझा फोन एकदा बादलीत पडला, तेव्हा नव्या फोनमध्ये सगळे फोटो वरूनच तर परत आले.

त्या गेमच्या मशीनमध्ये या बापलेकीचं एक घर होतं. ठोकळे रचून रचून गाव बांधायचा गेम असतो ना, त्यातलं. शुक्रवारी नमाज, बिर्याणी आणि मग घर. बतूल चार वर्षांची असताना पाया घातला, आता ती पहिलीत आहे. खाडीच्या काठाला, दोन मजली, पुढे होडी बांधायला धक्का, मागे एक बकरी, जी दर आठवड्याला पळून जायची. खेळ बंद करताना दोन्ही बाहुल्यांना, एक रायानची, एक बतूलची, खाटेवर नेऊन झोपवायचं, मगच बंद करायचं. तसा त्यांचा कायदाच होता.

तिथे तिसरी खाटपण होती, लाल. "तुझी आहे," रायान म्हणायचा. "येतेस कधी?"

"आणि भाकऱ्या कोण थापणार? तुझी बकरी?"

"एकदा ये. दहा मिनिटं."

"पुढच्या शुक्रवारी."

मी एकदाही गेले नाही.

सकाळी बतूल शाळेत गेल्यावर मी मशीन कोरं करायला बसले. फोनवर व्हिडिओ लावला आणि तो मुलगा सांगेल तसं करत गेले. मशीनने मला तीनदा विचारलं. सगळं जाईल, नक्की? हो. परत आणता येणार नाही, नक्की? हो. मला वाटलं, हे या मशीनपुरतं विचारतंय. घर तर वर आहे. पुढे कधी आम्हाला सोसलं की दुसरं मशीन आणू, त्याचा पासवर्ड टाकू, आणि घर खाली येईल. इथे फक्त त्याची खूण पुसायची, कॉलर उसवतात तशी. पडदा काळा झाला. मी ओल्या फडक्याने डबा पुसला. कापसाची काडी घेऊन कंट्रोलरच्या खाचांमधला मळ काढला, आणि ते रबर, तेही घासलं.

बतूल दुपारी आली, दप्तर टाकलं आणि टीव्हीसमोरच बसली.

"आज सदूकाका येणार ना? त्याआधी मला एकदा घरी जायचंय."

"घरीच आहेस की."

"त्या घरी. अब्बूंना बघून येते. उठवणार नाही, नुसतं बघणार."

मी म्हटलं, चल. मलाही वाटलं, बरं होईल, निदान आज मी सोबत जाईन. मशीन लावलं तर त्याने आमची भाषा विचारली, देश विचारला, जणू आम्ही कोण त्याला माहीतच नाही. मी रायानच्या डायरीतून पासवर्ड टाकला. त्याचं नाव आलं तशी बतूलने टाळी वाजवली. गेम वरून उतरायला पाऊण तास लागला. तेवढ्यात ती वरणभात जेवली, आणि आजीला समजावत बसली, "दादी, अब्बूंची खाट निळी आहे. पायाशी दिवा आहे. तू बघच."

"खेळातली खाट मी काय बघू," सासूबाई म्हणाल्या, पण खुर्ची जवळ ओढली.

गेम उघडला. जिथे घराचं नाव असायचं तिथे काही नव्हतं. नुसतं एक बटण, नवीन जग बनवा.

मी मागे गेले, पुन्हा आत गेले. मशीन बंद करून चालू केलं. बतूल म्हणाली, "अम्मी, तुला येत नाही, मला दे," आणि तिने कंट्रोलर घेतला, दाबला, तेच. मी सदूला फोन लावला, स्पीकरवर, सासूबाई शेजारी.

"सदूभाऊ, रायानचा तो गेम वरून खाली कसा आणायचा? घर दिसत नाहीये."

तिकडे क्रेनचा आवाज येत होता. मग आवाज कमी झाला, सदू आडोशाला गेला असावा.

"वैनी, तुमी मशीन साफ केलं काय?"

"हो. तुमच्या मुलींना द्यायचं म्हणून."



"वैनी, ते वर ठेवायचं त्यानी कवाच बंद केलता. गेम येतो वरून, पन आपन बनवलेलं मशीनमदीच राहतं. मी बोललो त्याला, चालू ठेव. तर मना बोलतो, सदू, घर घरातच बरं हाय, वर कोनाला दाखवाचं हाय."

ते वाक्य मला त्याच्याच आवाजात ऐकू आलं.

"दुकानात नेलं तर निघेल काही? तुम्ही न्याल?"

"नेतो. तुमी बोलाल तिथं नेतो. पन वैनी, खोटं नाय बोलत. नाय निघत ते." मग म्हणाला, "आनि मशीन मना नको. पोरींना काय पन देईन दुसरं."

"ने तू, सदू," सासूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "कोरं आहे आता."

बोलून झालं आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो. तसबी त्यांच्या मांडीवरून घसरली, त्यांनी उचलली नाही. "मीच सांगितलं ना तुला," त्या हळूच म्हणाल्या. "धुऊन दे, पुसून दे. मीच." मी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती लाल खाट होती, जी मी कधी पाहिलीच नाही, त्यामुळे तिच्या जागी माझ्या आईकडची लाल सतरंजीच दिसत होती.

बतूल माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. हिशेब लावताना करते तसं तोंड करून बसली होती.

"तू पुसलंस? अब्बूंच्या शर्टासारखं?"

"हो, बेटा. मला वाटलं..."

"होडी पण?"

"हो."

"बकरी पण?"

"बकरी पण."

"ती पळाली असेल. ती पळतेच." मग जरा थांबून, "मी पण पुसले गेले?"

मी तिला मांडीवर ओढलं. वरणाचा वास येत होता तिच्या तोंडाला. "तू ही काय इथे आहेस. माझ्याजवळ. कुणी पुसणार नाही तुला."

"हो, मी बाहेर होते," ती म्हणाली. तिला ते पटलं. तिने माझी ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"पण अब्बू तर आत झोपले होते. अम्मी, पुसायच्या आधी तू त्यांना उठवलंस ना?"